शनिवारच्या रात्रीच्या जेवणाबद्दल

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारी रात्री ८ वाजता आपण एकत्र जेवायला भेटतोय. येणार की नाही, ते गुरुवारपर्यंत नक्की कळवा. कॉलेजं नुकतीच सुरू झाली आहेत. या दिवसांत विद्यार्थ्यांची इतकी गर्दी असते की आयत्या वेळी चौदा जणांना टेबल मिळत नाही. आणि वेळेवर या. हॉटेलचं दार बंद व्हायच्या बऱ्याच आधी स्वयंपाकघर बंद होतं. मागच्या वेळी उशिरा आलेल्या दोघांच्या पुढ्यात ताट आलं, तेव्हा शेजारच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवायला सुरुवात झाली होती. मला फार वाईट वाटलं.

जेवणानंतर काही जण गाणी ऐकायला जाणार आहेत. त्यांनी स्पीकरपासून लांब बसावं. १०० डेसिबलचा आवाज कानांना जेमतेम १५ मिनिटं सोसतो. कानात शिट्टी वाजायला लागली की बाहेर या. पिणाऱ्यांनी आधी पोटभर जेवून घ्यावं. कॉफीने झोप उडते, दारू उतरत नाही, तेव्हा गाडीला हात लावू नका.

परतताना कुणीही एकटं निघू नये. घरी पोचलात की ग्रुपवर ‘पोचलो’ एवढं टाका. सगळ्यांचे निरोप आल्याशिवाय मी झोपत नाही.