घरघंटी घ्यावी का? गिरणीवाल्या बापाचं लेकीला पत्र

बार्शी

चि. सौ. शीतल हिस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा गिरणी चालू होती, त्यामुळं निम्मं ऐकू आलं नाही. २२ हजारांची घरघंटी, दिवाळीची सूट, बिनव्याजी हप्ता आणि 'अण्णा, तुम्हीच सांगा', एवढं कळलं. आता लाइट गेलीय, म्हणून सावकाश लिहितो. गिरणीवाल्याला असलं विचारणं म्हणजे न्हाव्याला दाढी घरी करू का विचारण्यासारखं आहे. पण तू काही माझं गिऱ्हाईक नाहीस, त्यामुळं मला खरं बोलायला हरकत नाही.

पैशाचा हिशेब आधी उरकू, कारण दुकानदार तिथंच माणसाला गुंतवतो. सासूबाई धरून तुम्ही चौघं. महिन्याला गहू १५ किलो आणि ज्वारी-बाजरी मिळून ५ किलो धरू. तुमच्या तिकडं दळणाला किलोमागं १० रुपये घेतात म्हणालीस, म्हणजे २०० रुपये झाले. घंटीला एक अश्वशक्तीची मोटर असते, ७४६ वॉटची. वाया जाणारी वीज धरून तासाला एक युनिट जाईल. दुकानदार तासाला १० किलो सांगेल, पण चपातीचं बारीक पीठ हवं असेल तर ५ किलोच धर. २० किलोला ४ तास, ४ युनिटं, १२ रुपयांनी फार तर ५० रुपये. महिन्याला दीडशे वाचले, वर्षाला अठराशे. २२ हजार फिटायला १२ वर्षं लागतील, आणि तोवर जाळी, मोटर, ब्रश यांचा खर्च निघेल तो वेगळाच. पैसे वाचतील म्हणून घेणार असशील तर विषय इथंच मिटला.

आता पिठाचं बोलू.

चपातीसाठी तर मी घंटी घेऊच नको म्हणेन. गिरणीत गहू दोन दगडांच्या मध्ये रगडला जातो. बहुतेक घंट्यांत दगड नसतो. पाती गरागरा फिरतात, दाणा त्यांच्यावर आपटून फुटतो आणि जाळीतून गाळला जाईपर्यंत फुटतच राहतो. रगडलेलं पीठ पाणी जास्त पितं, म्हणून त्याची कणीक मऊ होते आणि चपाती डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. घंटीचं पीठ वाईट नसतं, पण हाताला किंचित रवाळ लागतं. कणीक जरा जास्त वेळ भिजवून ठेवली की भागतं. तुझ्या घरी सकाळी सातला डबे भरायची घाई, तिथं कणीक अर्धा तास मुरवत कोण बसणार?

गिरणीत उभा असताना मी दर दळणाला पीठ पडतं त्या कापडी बाहीखाली हात धरतो, तू लहानपणापासून पाहिलंयस. अंगठ्यानं पीठ तर्जनीवर घासलं की कळतं. कणी लागली तर दगड थोडे जवळ घ्यायचे, पीठ चटका बसेल इतकं गरम यायला लागलं तर थोडे लांब करायचे. गहू लोकवन आहे की खपली, गेल्या आठवड्यात पाऊस होता का, बाईनं गहू उन्हात घातले होते का, हे सगळं त्या चिमटीत कळतं. घंटीत तसं काही नसतं. जी जाळी घातली तिच्या भोकाएवढंच पीठ पडणार. हे काही मी धंद्याच्या अभिमानानं सांगत नाही (थोडा असेल), पण चपातीच्या पिठाला त्यानं फरक पडतो.

ज्वारी-बाजरीचं मात्र उलटं आहे, आणि तुझा निकाल तिथंच लागायचा आहे.

बाजरीत शंभर भागांत पाचेक भाग तेल असतं, गव्हात दीड-दोन. दाणा अखंड आहे तोवर ते तेल आत सुखरूप असतं. दळलं की त्याला हवा लागते आणि पीठ खवट व्हायला लागतं. उन्हाळ्यात आठवड्याभरात बाजरीचं पीठ कडू लागतं. ज्वारी एवढी लवकर कडवट होत नाही, पण तिची विरी, म्हणजे चिकटपणा, जातो. मग भाकरी थापताना कडेनं चिरते आणि तव्यावर उलटताना मोडते. उकळतं पाणी ओतून, उकड काढून वेळ मारून नेता येते, पण तुझ्या आईच्या हातची पदर सुटलेली भाकरी त्या पिठाची होत नाही. तुझ्या भाकऱ्या मोडतात त्याला तुझा हात जबाबदार नाही. तुझं ज्वारीच्या पिठाचं पाकीट आण आणि त्याच्यावरची पॅकिंगची तारीख बघ.

म्हणजे भाकरीचं पीठ थोडं थोडं आणि ताजं दळायला हवं. एका वेळी किलो, फार तर दीड किलो. आणि एक किलोचं दळण कोणताही गिरणीवाला खुशीनं घेत नाही. मीही घेत नाही. दगडांत आणि खोक्यात आधीच्या दळणाचं पीठ अडकलेलं असतं, त्याच्यापुढं तुझी किलोभर बाजरी म्हणजे अर्धी दुसऱ्याचीच. बाया घट आली म्हणून भांडतात, तेही खोटं नसतं. हे काम घंटीच चांगलं करते. बाजरी टाकली, दहा-बारा मिनिटांत पीठ, लगेच भाकरी. भाजणी, वाटीभर तांदळाची पिठी, अर्धा किलो डाळीचं बेसन यांनाही तेच लागू.

तुझी आई इथं शेजारी बसून वाचतेय. तिचं म्हणणं, 'पोरगी नोकरी करते, तिला गिरणीत नंबर लावायला काय सांगता, घेऊ दे की.' तिचं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण नंबर शीतलनंच लावायचा असं कुणी सांगितलं? शनिवारी मंगेशरावांनी डबा टाकून यावा आणि भाजी घेऊन परत येताना उचलावा.

एका घरासाठी मात्र मी डोळे झाकून घंटी घे म्हणेन. ज्या घरात कुणाला डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद केलाय तिथं गिरणीतलं ज्वारीचं पीठ चालतच नाही. आधीच्या गव्हाचा अंश त्यात येणारच, कितीही झाडलं तरी. असल्या माणसाला तेवढाही गहू बाधतो. त्यांनी घंटी घ्यावी आणि तिच्यात गव्हाचा दाणाही कधी घालू नये. कडक उपास करणाऱ्यांचंही तसंच. आषाढीच्या आधी आम्ही सकाळी दगड झाडून पहिल्यांदा वरी-राजगिरा दळतो, तरी काही बाया नाक मुरडतात. तुमच्याकडं या दोन्ही भानगडी नाहीत.

आता मला खरी काळजी कशाची वाटते ते सांगतो. घंटी फक्त दळते. धान्य आणणं, चाळणं, निवडणं, ऊन दाखवणं, एरंडेल लावून डब्यात भरणं, पावसाळ्यात त्याला किडा लागला का ते बघणं, हे सगळं तुलाच करायचंय. पाकिटाचे जास्तीचे पैसे जातात ते याच कामाचे. २०२० साली कोरोनात आपल्या गल्लीत काही घरांनी घंट्या घेतल्या. त्यातल्या एकीवर आता इस्त्रीचे कपडे ठेवतात आणि त्यांचं दळण माझ्याकडं येतं. यंत्र चांगलं आहे, पण घरात धान्यच नसतं. गहू पाकिटातून येतो, ज्वारी संपली की पुन्हा आणली जात नाही. आणि जाळीत राहिलेल्या पिठात आळ्या झालेल्या पाहिल्या की माणूस ते दार पुन्हा उघडत नाही.

तुझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला पोतं ठेवायला जागा आहे का? गॅलरीत ऊन किती वाजेपर्यंत असतं? वाणसामान आलं की निवडायला कोण बसतं? सासूबाई निवडतील, पण त्या वर्षातले काही महिने गावी असतात. घंटी घरात येण्याआधी धान्य घरात यायला हवं.

म्हणून असं कर. दिवाळीची सूट जाऊ दे, ती गुढीपाडव्याला परत येते. थंडी सुरू झाली की मी इथून मालदांडी ज्वारी आणि थोडी बाजरी पाठवतो. तुमच्या भागात ज्वारी-बाजरीला वेगळी चक्की असणारी गिरणी शोध, मोठ्या पेठेत असते. तिथून आठवड्याला किलो-दीड किलो दळून आण. बाजरी संक्रांतीपर्यंत चालेल, तोवर थंडी असते, पीठ टिकतं. मार्चमध्ये नवी ज्वारी बाजारात येईपर्यंत मी पाठवलेलं सगळं दळून खाल्लेलं असेल आणि तू आणखी मागितलंस, तर घंटी घे. निम्मे पैसे माझे. आणि डबा तसाच पडून राहिला तर तुला तुझं कळेलच, मी काही विचारणार नाही.

घेशील तेव्हा काचेचं दार आणि दिवे बघून जास्तीचे पैसे देऊ नकोस. घंटी आपोआप बंद होते हे बरं आहे, पण त्याच्यासाठी पाच हजार जास्त द्यायचे नाहीत. दुकानात नुसती मोटर चालवून दाखवतात, तू घरून किलोभर ज्वारी ने आणि ती दळायला लाव. तेव्हा आवाजही कळेल आणि बाजूनं पीठ उडतं का तेही. दुपारी विहान झोपलेला असताना ही चालणार नाही, आवाज मिक्सरपेक्षा कमी नसतो. सुट्या जाळ्या पुण्यात मिळतात का ते विचार, कारण धान्यातून एखादा खडा गेला की जाळीला भोक पडतं. मोठ्या सॉकेटची आणि चांगल्या अर्थिंगची जागा कुठं आहे ते आधी बघ, स्वयंपाकघरात तुमचं एकच मोठं सॉकेट आहे आणि तिथं मायक्रोवेव्ह बसलाय. मिरची-हळद तिच्यात दळायची नाही, दुकानदार काही म्हणो. वास जात नाही, आणि मग विहान तिखट भाकरी खाणार नाही. तिळाचं, शेंगदाण्याचं नावच काढू नको, तेलानं जाळी बुजते. तांदूळ धुतले असतील तर खडखडीत वाळल्याशिवाय घालायचे नाहीत. आणि दर दळणानंतर ब्रश कोण मारणार ते तुम्ही दोघांनी आधीच ठरवून घ्या.

ज्वारी एसटीच्या पार्सलनं पाठवू की मंगेशराव लग्नाला येणार आहेत तेव्हा गाडीत टाकू, ते कळव. आई म्हणते सोबत शेंगाची चटणीही देते, तर बरणी रिकामी करून पाठव.

तुझे,
अण्णा