दर रविवारी मेगाब्लॉक नव्हता

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

पत्र बघून आधी घाबरू नका, कोणाला काही झालेलं नाही. फोनवर सांगायचा तीनदा प्रयत्न केला, पण बाबा "बरं, आईला देतो" म्हणून मोकळे होतात आणि आई जेवलीस का वरून जी सुरू होते ती शेजारच्यांच्या सुनेपर्यंत जाते, मग माझं राहूनच जातं. म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे माफी. गेलं दीड वर्ष मी बऱ्याच रविवारी "मेगाब्लॉक आहे, दुपारनंतर येते" असं सांगत होते. दर रविवारी मेगाब्लॉक नव्हता. आणि असला तरी तो सकाळी सात वाजता नसतो. बाबा, तुम्ही पेपरातलं ते चौकटीतलं रोज वाचता, तुम्हाला नक्की कळलं असणार, आणि तरी तुम्ही एकदाही काही बोलला नाहीत याचंच मला जास्त वाईट वाटतं. मी तेव्हा शिवाजी पार्कात असायचे, साडेसहाला, कट्ट्याच्या आतल्या बाजूला. ताई ची नावाचा चिनी व्यायाम शिकायला. हो, तेच, आई ज्याला "स्लो मोशनमधली मारामारी" म्हणते ते.

दुसरी गोष्ट. मी ६ सप्टेंबरला तीन आठवड्यांसाठी चीनला जातेय. व्हिसा आलाय, तिकीट काढलंय, पैसे माझे साठवलेले आहेत, दादाकडून एक रुपया घेतलेला नाही. म्हणजे यंदा गणपतीत मी नसेन. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

आधीच सांगते की तारखा मुद्दाम अशा निवडल्या नाहीत. मार्चमध्ये ऑफिसची इयर एंडिंग, एप्रिलमध्ये आईचा हात प्लास्टरमध्ये होता, जून-जुलैत तिकडे प्रचंड उकाडा, आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे त्यांची राष्ट्रीय सुट्टी, अख्खा देश प्रवासाला निघालेला असतो. सप्टेंबरच उरला. आणि सलग तीन आठवडे रजा मला परत कधी मिळेल माहीत नाही. ४१ वर्षांत मी गणपती एकदाच चुकवलाय, कांजिण्या आल्या होत्या तेव्हा, आणि तेव्हाही आरती ऐकू यावी म्हणून बाबांनी मधलं दार उघडं ठेवलं होतं.

हे सगळं सुरू कशाने झालं ते सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, ठाण्याचं ते सगळं झाल्यावर, मी झोपतच नव्हते. एकदा दादरच्या पुलावर गर्दीत छातीत असं धडधडायला लागलं की वाटलं आता संपलं. एका बाईने हाताला धरून बाजूला नेलं, पाणी दिलं. ईसीजी बिसीजी सगळं नॉर्मल आलं. डॉक्टर म्हणाले पॅनिक अटॅक. औषध सात महिने घेतलं, आता त्यांनीच बंद केलंय. तुम्हाला सांगितलं नाही कारण बाबांचं तेव्हाच बीपीचं चाललं होतं, आणि आईने मला लगेच घरी आणून बसवलं असतं, वरणभात भरवला असता, आणि मी परत उठलेच नसते. रागावू नका ना.

त्याच डॉक्टरांनी व्यायाम कर म्हणून सांगितलं आणि ऑफिसातल्या एकीने पार्कातल्या सरांकडे नेलं. पहिल्या दिवशी त्यांनी काही शिकवलंच नाही. नुसतं उभं केलं. गुडघे किंचित वाकवून, हात समोर, जणू झाडाला मिठी मारलीय. पाच मिनिटं. मला वाटलं यात काय, रोज दीड तास लोकलमध्ये उभी असते मी. तिसऱ्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागल्या आणि सरांनी मागून नुसते दोन बोटांनी खांदे खाली दाबले, तेव्हा कळलं की माझे खांदे कानापर्यंत चढलेले असतात, कायमचे, कुठल्यातरी वर्षापासून. तिथेच रडायला आलं. सर म्हणाले, होतं असं, उभी रहा.

ते सारखा एक शब्द वापरतात, "सुंग". म्हणजे सैल सोडणं, पण ढेपाळणं नाही. हाडं आपापल्या जागी, वजन पायात, वरचं सगळं मोकळं. बाबा, हे मला कळायला वेळच लागला नाही, कारण हे तुम्हीच शिकवलंत! आठवतंय, डबलडेकरने काकांकडे जायचो तेव्हा तुम्ही मला दांडा न धरता उभं करायचात? "गुडघे सैल सोड, बस वळली की तिच्याबरोबर वळ, भांडू नकोस तिच्याशी." मी पडले तर तुमच्या पोटावर पडायचे. दोघांनी हात एकमेकांना लावून जो सराव करतात ना, समोरच्याचा जोर अंगावर न घेता वळवून लावायचा, त्यात मला पहिल्या महिन्यातच शाबासकी मिळाली आणि मी सरांना सांगितलं की हे मला बेस्टने शिकवलंय.

आता तुम्ही म्हणाल हे चिनी कशाला, आपला मल्लखांब काय वाईट, आपले सूर्यनमस्कार काय वाईट. अजिबात वाईट नाहीत, मी अजूनही बारा घालतेच. तुम्ही घरात चिनी कंदील येऊ देत नाही हे पण माहितेय. पण ही आणलेली वस्तू नाही हो, अंगात येणारी गोष्ट आहे. युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या एकाच यादीत २०१६ ला योग गेला आणि २०२० ला ताई ची, म्हणजे शेजारी-शेजारीच बसलेत. आणि आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली तिकडे गेलेच होते की, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकलेले, चीन-जपान लढाईच्या काळात. मी तर फक्त हातपाय हलवायला चाललेय, तेही रिटर्न तिकिटावर.

जातेय ते गाव म्हणजे चेनजियागोउ, हेनान प्रांतात. १७व्या शतकात चेन वांगतिंग नावाच्या तिथल्या एका लष्करी माणसापासून हे सुरू झालं असं मानतात. मग बऱ्याच पिढ्या ते चेन घराण्यातच राहिलं, १९व्या शतकात यांग लुचान नावाचा बाहेरचा माणूस ते शिकला आणि त्याने बीजिंगला नेलं. तो रात्री लपून बघून शिकला अशी गोष्ट सांगतात, आपल्या एकलव्यासारखी, खरीखोटी देव जाणे, अंगठा मात्र शाबूत राहिला. पार्कात आम्ही करतो ती त्याच यांग घराण्याच्या पद्धतीवरून १९५६ मध्ये चीन सरकारने लोकांसाठी बसवलेली २४ हालचालींची मालिका, सगळी मिळून पाच-सहा मिनिटांची. नावं ऐक आई, तुला आवडतील: रानघोड्याची आयाळ दुभागणं, पांढऱ्या बगळ्याने पंख पसरणं, माकडाला मागे सरत परतवणं, ढगांसारखे हात. चोवीसचा क्रम डोक्यात धरायचा, त्यात श्वास, त्यात कुठल्या पायावर वजन आहे ते, मग ऑफिस, ठाणे, ईएमआय यांना डोक्यात जागाच उरत नाही. शांत बसून ध्यान मला कधी जमलं नाही, हे जमतं कारण शरीराला काम दिलेलं असतं.

आणि बाबा, तुमच्यातल्या ऑडिटरला आकडे लागतात, तर घ्या. अमेरिकेत सत्तरीपुढच्या २५६ लोकांवर अभ्यास झाला होता, २००५ साली छापून आला. आठवड्यातून तीनदा, सहा महिने. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ताई ची करणाऱ्यांमध्ये पुन्हापुन्हा पडण्याचा धोका ५५ टक्के कमी. आणि २०१६ चा एक, गुडघे झिजलेल्या २०४ जणांवरचा, त्यात १२ आठवड्यांत ताई चीने फिजिओथेरपीइतकाच आराम पडला. बीपीची गोळी यामुळे बंद करायची नाही, तसं कोणी सांगितलं तर त्याला माझा नंबर द्या.

आई, आता तुझ्याशी. तू मार्चमध्ये मोरीत पडलीस ते मला कळलं कारण मनगट मोडलं. जानेवारीत जिन्यात पडलीस ते मला माई आत्याकडून कळलं. मी पॅनिक लपवला, तू पडणं लपवलंस, आपण दोघी सारख्याच, त्यामुळे मी तुला ओरडत नाही. पण ऐक. माणूस बऱ्याचदा पडतो तो वळताना, नाहीतर एका पायावरून दुसऱ्यावर जाताना, वजन अर्धं इकडे अर्धं तिकडे असतं तेव्हा. ताई चीत नेमकं तेवढंच हळूहळू घोटून घेतात. एक पाय भरलेला, एक रिकामा. रिकामा पाय पुढे टेकवायचा, टाच आधी, काही वजन न देता. जमीन नीट आहे ना बघायची. मग हंड्यातून कळशीत पाणी ओतावं तसं वजन त्यात ओतायचं. ओल्या लाद्यांवर पण असंच चाल.

गॅलरीत तुला ढगांचे हात दाखवले तेव्हा तू हसून हसून म्हणालीस, हे तर जात्यावर बसल्यासारखं, कंबर फिरते नि हात मागून येतात. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, आईंना समजलंय, तुम्हाला अजून नाही.

तर रोज सकाळी चहानंतर दहा मिनिटं, दोघांनी. खुर्चीची पाठ हाताशी धरून, सपाट चपला घालून, चटईवर नाही. गुडघा पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, बाबा, तुम्ही जोशात बैठक मारता तसं खाली जायचं नाही, हा आखाडा नाही. दुखलं की थांबायचं. तुमच्या ऑर्थोंना मी विचारलंय, त्यांनी हो म्हटलंय. आणि मी तुमच्या दोघांचे पार्कातल्या सकाळच्या बॅचचे तीन महिन्यांचे पैसे भरून टाकलेत, १ ऑक्टोबरपासून, मी आल्यावर. विचारलं नाही कारण तुम्ही नाही म्हणाला असतात. तिथे ७८ वर्षांच्या एक काकू येतात, नऊवारीत, त्यांना बघून आई गप्प होईल.

माझ्या जेवणाची काळजी करू नका. हेनान गव्हाचा मुलुख आहे, नूडल्स नि वाफवलेले पाव, पोळीवाल्यांची सोय होते. थेपले, मेतकूट आणि तुझं लिंबाचं लोणचं नेतेय, बाटलीला टेप लावून. शाळेत भूगोलात घोकलेली होआंग हो नदी जवळच आहे, तिचं पाणी खरंच पिवळं आहे का ते बघून सांगते. व्हॉट्सअॅप तिकडे बंद असतं, मी रोमिंग घेतलंय त्यावर चालेल, पण दोन दिवस निळी टिक नाही आली तर लगेच दादाला फोन करून हॉटेल-एम्बसी शोधायला लावू नका. ते आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहेत, संध्याकाळची साडेसातची आरती मला दहाला दिसेल. फोन समईच्या मागे नका ठेवू, गेल्या वेळी आत्याला नुसता उजेड दिसत होता.

घरचं असं. दादा-वहिनी पुण्याहून तीन दिवस आधी येतायत. चौरंग, मखर माळ्यावरून दादा काढेल. बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, "फक्त बघतो" म्हणून पण नाही. शनिवारी सुतार येईल, मोरीत दोन दांडे लावायला, त्याला टाइल फुटेल म्हणून परत पाठवू नका, फुटली तर फुटली. गोळ्यांचे डबे मी चार आठवड्यांचे भरून ठेवते. गॅस बुक केलाय. मोदक पन्नास बाहेरून सांगितलेत, गिरगावातल्याच काकूंकडे. आई, तोंड पाडू नकोस, तुझ्या मोदकांची सर त्यांना नाही हे मला, बाबांना आणि बाप्पाला पण माहितेय. नैवेद्याचे पाच तूच कर, पण उकड वहिनीला मळू दे, मनगट अजून कच्चं आहे.

तिला हात दाखव, कसं मळायचं ते. मला दाखवलं होतंस तसं, माझ्या हातावर हात ठेवून.

तुमची,
चिमी

ता. क. या रविवारी क्लास बुडवून येतेय, सकाळी आठला, पोहे खायला. मुख्य मार्गावर मेगाब्लॉक अकरानंतर आहे, बघितलंय मी.