मावशी, तुमचं बायबल अजून माझ्याकडेच आहे

प्रिय मावशी,

तुम्हाला समोर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "अगं मी कुठे काय केलं, प्रभूने केलं" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे तुम्हाला पूर्ण वाचावं लागेल.

माझा भाऊ गेला तेव्हा घरात खूप माणसं येऊन गेली. प्रेमानेच आली सगळी, मला माहितीय. पण प्रत्येकाकडे काहीतरी सांगण्यासारखं होतं, देवाची इच्छा होती, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, विश्वास ठेव, रडू नकोस. मी मान हलवायचे आणि आतून इतका राग यायचा की माझीच मला भीती वाटायची, लहानपणापासून संडे स्कूलला गेलेली मुलगी मी आणि आता देवाचं नाव काढलं तरी नको वाटतंय.

तुम्ही आलात आणि काहीच बोलला नाहीत. पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता, तुम्ही तो पुढे ओढला आणि घड्या घालायला लागलात. त्यात त्याचा निळा शर्ट निघाला तेव्हा तुमचे हात थांबले, तुम्ही तो तसाच माझ्या मांडीवर ठेवला. मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने रडले. नंतर मला कळलं की बायबलमधल्या ईयोबाचं, मुलं आणि सगळंच गेलेल्या माणसाचं, सांत्वन करायला आलेले मित्रही आधी 7 दिवस 7 रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, कोणी एक शब्द बोललं नाही, आणि बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. तुम्ही नुसतं बसणं शेवटपर्यंत सोडलं नाहीत.

तुम्ही वाचून दाखवलंत ते पण मला वाटलं होतं ते नाही. मला वाटलं आता 23 वं स्तोत्र येणार, धीर द्यायला नेहमी वाचतात ते. तुम्ही 88 वं काढलंत. इतक्या वर्षांत मी ते कधी नीट वाचलंच नव्हतं. तो माणूस रात्रंदिवस ओरडतोय, देवा तू माझ्यापासून तोंड का लपवतोस, तू माझे मित्र माझ्यापासून दूर केलेस, आणि बाकीच्या बऱ्याच विलापाच्या स्तोत्रांत शेवटी सूर वळतो तसा इथे वळतच नाही, मूळ हिब्रूत तर शेवटचा शब्दच अंधार आहे. मी म्हटलं, हे बायबलमध्ये कसं काय? तुम्ही म्हणालात, "देवाने ठेवून घेतलंय ना, मग तुझंही ठेवून घेईल." मावशी, त्या एका वाक्याने माझी प्रार्थना परत सुरू झाली. प्रार्थना कसली, भांडणच होतं, पण त्याच्याशीच होतं.

ज्या दिवसांत तेही जमत नव्हतं तेव्हा तुम्ही म्हणालात की तू नको बोलूस, आम्ही करतो तुझ्या वाटची. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायात लिहिलंय ना की आपल्याला प्रार्थना कशी करायची ते कळत नाही तेव्हा देवाचा आत्मा स्वतः कण्हून आपल्यासाठी विनंती करतो. आधी हे वचन मला पाठ होतं फक्त.

आणि मग योहानाच्या शुभवर्तमानाचा 11 वा अध्याय. लाजराच्या दोन्ही बहिणी येशूला एकच वाक्य म्हणतात, प्रभू तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. अगदी तेच तर मी म्हणत होते, रोज! आणि तो दोघींवरही रागावत नाही. मार्थेशी बोलतो. मरीयेला रडताना बघून मात्र स्वतः रडतो, पुढे लाजराला जिवंत करणार हे माहीत असूनही रडतो. तुम्ही मला अजून एक दाखवलंत, की "पुनरुत्थान आणि जीवन मी आहे" हे तो म्हणतो तेव्हा लाजर अजून कबरेतच आहे, 4 दिवस झालेत, दगड हललेला नाही. तेव्हा म्हणतो. मला इतकी वर्षं वाटायचं की आशा म्हणजे दगड हलल्यावर वाटते ती. माझा भाऊ अजूनही नाहीये, आणि त्याला पुन्हा भेटेन यावर माझा विश्वास आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे मी तुमच्याजवळ बसून शिकले.

एका रात्रीत काही झालं नाही. पहिला नाताळ फार वाईट गेला, चर्चमध्ये सगळे गात होते आणि माझ्या तोंडून आवाजच निघेना, तुम्ही शेजारी येऊन उभ्या राहिलात आणि माझं पुस्तक धरलंत, बस.

मागच्या महिन्यात मंडळीतल्या एकीच्या घरी असंच झालं. मी गेले, काय बोलावं सुचत नव्हतं, मग तिच्या स्वयंपाकघरातली भांडी घासली आणि तिच्या शेजारी बसून राहिले. निघताना तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही.

तुमचं बायबल रविवारी नक्की आणते. 88 व्या स्तोत्राच्या बाजूला तुम्ही पेन्सिलीने एक तारीख लिहिलीय, काकांची, मला बरेच दिवसांनी कळलं. तिच्याखाली मी माझ्या भावाची लिहिलीय. तुम्हाला न विचारता लिहिली, रागावू नका.

तुमचीच