नाना, ते रुपयाचं नाणं

आदरणीय नाना,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र मुंबईला तुमच्या लेकीच्या पत्त्यावर टाकता आलं असतं. पण मुद्दाम चारचौघांत लिहितेय. आजूबाजूच्या गावांतही तुमच्यासारखं कोणीतरी पेन्शन घेऊन पडवीत बसलेलं असेल आणि त्यांना शाळेत कोणी बोलावलं नसेल.

शाळा व्यवस्थापन समितीत मी आले ती कायद्याच्या कृपेने. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ७५ टक्के पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात, म्हणून माझं नाव घातलं. मीटिंगला गुरुजी वही पुढे सरकवायचे, मी सही ठोकून बंदर गाठायची. हर्णैच्या लिलावात पाटीमागे पाच रुपये जास्त लावले तर भांडणारी मी, आणि शाळेच्या पैशांवर डोळे मिटून सही!

तुम्ही रिटायर होऊन गावी आलात आणि पहिल्याच मीटिंगला रोकड वही मागितलीत. गुरुजींचा चेहरा उतरला. (चोरीमारी काही नव्हती, पैशान् पैशाची पावती होती.) तुम्ही पानं उलटलीत, काही न बोलता उठलात, पहिलीच्या भिंतीशी गेलात आणि खिशातल्या रुपयाच्या नाण्याने रंग खरवडलात. पिवळ्याखाली निळा, निळ्याखाली गुलाबी. त्या गुलाबीवर बाराखडीतला अर्धा ‘ख’ दिसत होता. "ही तीन वर्षांची ग्रँट," एवढंच म्हणालात.

मग कळलं कसं होत होतं ते. पैसे खात्यात यायचे मार्चच्या तोंडावर, ३१ तारखेच्या आत खर्ची टाकायचे. त्या घाईत हाताशी असायचा तो रंगारी. ‘बोलक्या भिंती’ फोटोतही छान दिसायच्या. जूनमध्ये कौलांतून पाणी उतरलं की गणपतीपर्यंत रंगाचे पोपडे. स्वतःच्या घरात आधी कौलं परततो, मग भिंतीला हात लावतो. शाळेत तेवढी अक्कल कोणी वापरली नव्हती, मीसुद्धा नाही.

आमचा पट २८. समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या संयुक्त अनुदानात ३० पर्यंत पटाला वर्षाचे १० हजार, त्यातला दहावा हिस्सा तरी स्वच्छतेवर. तिसाच्या वर गेलात की २५ हजार. म्हणजे तीन मुलं कमी म्हणून १५ हजार कमी. पोरं कमी म्हणून कौलं काय कमी गळतात? आणि ती तीन मुलं आणायची कुठून, निम्मी वाडी विरार-नालासोपाऱ्याला. यावर तुम्ही चिडला होतात, मीही अजून चिडते. पण एवढ्याशा पैशाची यादी मार्चमध्ये करायची नाही, पावसाळ्यातच करायची, म्हणजे कुठे गळतं ते डोळ्यांनी दिसतं, हे तुम्ही लावून दिलंत. पैसे आले त्या वर्षी दरपत्रकं तयार होती आणि आगोटीच्या आत कौलं परतून झाली. निसर्ग वादळानंतर, २०२० साली, मागच्या खोलीवर पत्रे घातले ते मात्र तसेच आहेत. पाऊस वाजायला लागला की तिथे गुरुजींचे नुसते ओठ हलताना दिसतात.

मुंबईकर मंडळाला शाळेपुढे कमान बांधून द्यायची होती, नावांसकट. त्या शिमग्याला तुम्ही किती जणांशी वाईटपणा घेतलात ते मला ठाऊक आहे. कमान झाली नाही.

पण मला सगळ्यात आठवतं ते पुस्तकांचं कपाट. कुलूपबंद, आत पुस्तकं कोरी करकरीत, काहींना कसर लागलेली. आम्ही गुरुजींवर तोंड सोडणार, तेवढ्यात तुम्ही त्यांनाच विचारलंत, "भीती कसली वाटते?" साठा नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाची नोंद, बदली झाली की चार्ज देताना एक कमी भरलं तर कोण भरून देणार! इतकी वर्षं हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. तुम्ही तिथल्या तिथे ठराव लिहायला लावलात: हरवल्या-फाटल्याची जबाबदारी समितीची, दरवर्षी मोजदाद करून निर्लेखनाचा (म्हणजे नोंदवहीतून नाव कमी करायचा) प्रस्ताव समितीच पाठवणार. माझी सही त्याच्याखाली आहे, आणि ती मी वाचून केली.

दोरी मी घरून आणली. बोंबील वाळत घालतो तशी पडवीत बांधली आणि त्यावर पुस्तकं टांगली. मधल्या सुट्टीत खाली बसून एकेका मुलाकडून पान वाचून घ्यायचात तुम्ही. चौथीतली एक मुलगी जोडाक्षर आलं की खोकायची, ते तुम्हीच ओळखलंत. आता खोकत नाही.

तुम्ही मुंबईला गेल्यावर पहिली मोजदाद परवा केली. सात फाटली, दोन हरवली. नोंद केली, गुरुजी हसले. त्या दोनांतलं एक काल आमच्याच घरी सापडलं, बारक्याच्या गोधडीत. अजून परत केलेलं नाही, त्याची चार पानं राहिलीत.

तुमची,
वाडीतली अध्यक्षीण