खुर्ची सलूनची, रक्त माणसाचे: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि खाडीपलीकडे वाशी-नेरुळला, केसगळतीवर ‘पीआरपी’ (रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी, एकवटून डोक्यात टोचणे) करून देणाऱ्या पाट्या आता दवाखान्यांबरोबर सलून-पार्लरवरही दिसतात. उपचाराला आमचा विरोध नाही. पुरुषांच्या आनुवंशिक केसगळतीत मूळ जिवंत असून केस फक्त बारीक झाले असतील, तर पीआरपीने ते दाट होऊ शकतात. गुळगुळीत टक्कल पडलेल्या जागी त्याचा उपयोग नाही, आणि ही गोष्ट पैसे घेण्याआधी सांगितली पाहिजे.

मुळात हे रक्तावरचे काम आहे. दंडातून सुमारे २० मिली रक्त घ्यायचे, सायट्रेट किंवा एसीडी या रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणाच्या नळीत. तपासणीची जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी स्वस्त पडते म्हणून वापरली, तर प्लेटलेट फुगतात आणि खराब होतात. मग नळी फिरकीयंत्रात (सेंट्रिफ्यूज) गरगर फिरवायची. पहिल्या, हलक्या फिरकीत तांबड्या पेशी खाली बसतात. वरचा प्लाझ्मा (रक्तातला पिवळसर द्रव) आणि मधला पांढुरका थर दुसऱ्या निर्जंतुक नळीत घेऊन जोरात फिरवायचा, वरचा पातळ भाग काढून टाकायचा. उरलेले ४ मिली कामाचे. ते ३० नंबरच्या सुईने सुमारे १ सेंमी अंतरावर, दर टोचणीला ०.०५ ते ०.१ मिली असे सोडायचे. महिन्याच्या अंतराने साधारण तीन वेळा.

चूक बहुधा फिरकीत होते. ‘मिनिटाला १५०० फेरे’ एवढेच सांगून भागत नाही. १० सेंमी त्रिज्येच्या यंत्रात त्याचा जोर सुमारे २५० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २५० पट) होतो, १५ सेंमीच्या यंत्रात ३७५ च्या पुढे जातो. पहिली फिरकी जास्त झाली तर प्लेटलेट तांबड्या पेशींबरोबर तळाला जातात, आणि रुग्णाच्या डोक्यात नुसते पिवळे पाणी टोचले जाते.

साधा हिशोब पाहा. रक्तात दर मायक्रोलिटरला २.५ लाख प्लेटलेट असतील, तर २० मिलीतल्या ८० टक्के हाती लागून ४ मिलीत आल्या की १० लाख होतात. अपेक्षित मात्रा हीच. ८ मिली रक्त काढून ५ मिली ‘पीआरपी’ देणाऱ्याकडे एकही प्लेटलेट वाया गेली नाही असे धरले, तरी आकडा ४ लाखांवर थांबतो. पैसे मात्र पुरेच घेतले जातात.

पैसे जाणे एक वेळ परवडले, संसर्ग नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या परवाना नसलेल्या एका स्पामध्ये चेहऱ्यावर पीआरपी घेतलेल्यांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये नोंदवले. नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या तिथे फ्रिजमध्ये खाण्याच्या वस्तूंशेजारी होत्या. एका दुपारी चार गिऱ्हाइके आणि एकच फिरकीयंत्र असेल, तर नळ्यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम कायदा खाटा नसलेल्या जागेपर्यंत पोचत नाही. पण २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम पोचतात, आणि खाटा नसल्या तरी प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता त्यांत सक्तीची आहे. म्हणून नवा कायदा येईपर्यंत थांबू नका. रक्त काढणाऱ्या प्रत्येक जागेत ही मान्यता आणि नोंदणीकृत डॉक्टरचे नाव दर्शनी भिंतीवर हवे. रुग्णाला सही-शिक्क्याची चिठ्ठी मिळावी: किती रक्त घेतले, कोणती नळी, दोन्ही फिरक्या किती जी आणि किती मिनिटे, रुग्णाची आधीची प्लेटलेट संख्या, किती मिली टोचले. रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, कावीळ किंवा डोक्यावर जंतुसंसर्ग आहे का, हे विचारल्याची नोंदही त्यावरच असावी.

सुरुवात ठाणे आणि नवी मुंबई या दोन महापालिकांपासून करावी. निरीक्षकाने आत शिरल्यावर आधी सुयांचा पांढरा डबा आणि कचरा उचलणाऱ्या गाडीच्या पावत्या मागाव्यात. पीआरपी रोज होते आणि पावती महिन्यांत एकही नाही, अशी जागा त्याच दिवशी बंद करावी.

आपले,
ठाणे-नवी मुंबईतील काही त्वचारोगतज्ज्ञ व प्रयोगशाळा तंत्रज्ञ