नाताळच्या दिवशी जन्मलेल्या मुलांचा वाढदिवस

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

येत्या २५ डिसेंबरला माझी मुलगी पाच वर्षांची होईल. तिचे आतापर्यंतचे चार वाढदिवस आम्ही साजरे केले आणि त्यांपैकी निदान तीन वेळा तरी आमचे चुकले, असे मला आता वाटते. ज्या घरांत नाताळच्या दिवशी जन्मलेले लहान मूल आहे, त्या घरांतील आईवडिलांना, आणि त्याहूनही त्यांच्या नातेवाइकांना आणि शिक्षकांना, त्या चुकांचा काही उपयोग होईल या आशेने हे पत्र लिहीत आहे.

तिच्या जन्मानंतर जो भेटे तो म्हणे, ‘काय भाग्यवान मुलगी! सारे जग तिचा वाढदिवस साजरा करणार.’ आम्हालाही ते पटले होते. ती दोन वर्षांची झाली तेव्हा झाडावरचे दिवे दाखवून ‘हे सगळे तुझ्यासाठी’ असे आम्ही तिला सांगितले. पुढच्या वर्षी त्याच दिव्यांखाली घरातल्या सगळ्या मुलांना भेटी मिळाल्या, सगळ्यांची नावे एकामागून एक पुकारली गेली आणि तिचे नावही त्याच रांगेत आले. रात्री झोपताना तिने विचारले, ‘आई, मी तीन वर्षांची झाले की अजून व्हायची आहे?’ त्या वेळी मला हा प्रश्न गोड वाटला होता. त्यातली बोच माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला.

बालमानसशास्त्राच्या अभ्यासकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांशी बोलून असे नोंदवले आहे की, त्यांतील अनेक मुलांच्या समजुतीप्रमाणे वाढदिवस साजरा केल्यामुळेच वय वाढते. कॅलेंडरावरची तारीख त्यांना कळत नाही. मेणबत्ती, गाणे, जमलेली माणसे आणि आपले नाव एवढेच त्यांना कळते. हे वाचल्यावर मुलीचा तो प्रश्न मला नव्याने समजला. ज्या समारंभाने ती मोठी होणार होती, तो तिच्या दृष्टीने झालाच नव्हता, कारण त्या दिवशी जे घडले ते तिच्या दादाच्याही वाट्याला तसेच आले होते. मोठ्या माणसाचा वाढदिवस एखाद्या वर्षी राहून गेला तर फारसे बिघडत नाही, पण या वयातल्या मुलासाठी ती आपण खरोखर वाढल्याची खूण असते.

‘दोन्ही मिळून एकच भेट’ या प्रकाराबद्दलही लिहिणे भाग आहे. देणाऱ्याच्या मनात कंजूषपणा नसतो, उलट तो थोडी मोठी वस्तू आणतो. परंतु दादाचा वाढदिवस जुलैत येतो, म्हणून त्याला वर्षातून दोनदा कोणीतरी आठवणीने काही देते आणि हिला एकदाच. लहान मुले वस्तूची किंमत मोजत नाहीत, आपली आठवण किती वेळा झाली हे मात्र नेमके मोजतात. वेष्टनाचा कागददेखील त्यांच्या नजरेतून सुटत नाही. सांताक्लॉजची चित्रे असलेल्या कागदात गुंडाळलेली वाढदिवसाची भेट मुलीने गेल्या वर्षी सरळ झाडाखाली नेऊन ठेवली, कारण तिच्या लेखी ती नाताळचीच होती. दोन लहान वस्तू वेगवेगळ्या कागदांत आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी द्याव्यात, एवढेच मी आता सर्वांना सांगते.

वाढदिवसच दुसऱ्या तारखेला न्यावा, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला. काही घरांत सहा महिन्यांनी, २५ जूनला, ‘अर्धा वाढदिवस’ करतात. याचे एक जुने आणि हृद्य उदाहरण आहे. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन सामोआ बेटांवर राहत असताना त्यांच्या परिचयातील एका गृहस्थांच्या ॲनी आइड या मुलीची तक्रार त्यांच्या कानी आली की, नाताळला जन्म झाल्यामुळे तिला खरा वाढदिवसच मिळत नाही. स्टीव्हन्सन यांनी जून १८९१मध्ये रीतसर दस्तऐवज करून आपला १३ नोव्हेंबर हा वाढदिवस तिच्या नावे करून दिला, आणि तिने अटी पाळल्या नाहीत तर तो अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे जाईल, असेही त्यात नमूद केले. एका मुलीचे दुःख इतक्या गांभीर्याने घेणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. तरीही ॲनी तेव्हा चौदा वर्षांची होती. काय सोडले आणि काय मिळाले हे तिला समजत होते. चार-पाच वर्षांच्या मुलाची तारीख मोठ्यांनी सोयीसाठी परस्पर हलवू नये, असे माझे मत आहे. मित्रमैत्रिणींना बोलावण्याचा कार्यक्रम खुशाल दुसऱ्या एखाद्या दिवशी करावा, पण खुद्द जन्मदिवशी थोडा तरी वेळ केवळ त्या मुलाचा असावा.

गेल्या वर्षी आम्ही तसे केले. सकाळपासून दुपारपर्यंत वाढदिवस आणि त्यानंतर नाताळ, अशी वाटणी केली. ज्या खोलीत झाड नव्हते तिथे मेणबत्ती लावली आणि तिच्या जन्माची गोष्ट तिला सांगितली. आधी ठरवून करायच्या शस्त्रक्रिया सुट्टीच्या दिवशी सहसा ठेवत नाहीत, त्यामुळे अनेक देशांत या तारखेला इतर दिवसांपेक्षा कमी बाळे जन्मतात. त्या दिवशी प्रसूती विभाग किती शांत होता आणि सुट्टी असूनही किती जण तिच्यासाठी जागे होते, हे तिने तीनदा सांगायला लावले. मैत्रिणींना मात्र शाळा उघडल्यावर, जानेवारीत बोलावले. डिसेंबरच्या मध्यावर बोलावणे सोयीचे होते, परंतु आधीच समारंभ झाला असता तर ‘मी नक्की कधी चार वर्षांची झाले’ हा घोळ पुन्हा झाला असता.

ज्या कुटुंबांसाठी हा श्रद्धेचा सण आहे, त्यांना अशी वाटणी प्रभूच्या जन्मोत्सवात उणेपणा आणणारी वाटू शकते. त्यांच्या भावनेचा मान राखून एवढेच म्हणते की, बायबलमधील शुभवर्तमानांत येशूच्या जन्माची तारीख दिलेली नाही. २५ डिसेंबर ही तारीख रोममधील इ. स. ३५४च्या एका संग्रहात नोंदलेली आढळते. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीला, तर जुनी ज्युलियन कालगणना पाळणारी अनेक ऑर्थोडॉक्स चर्च आपल्या ७ जानेवारीला हा जन्म साजरा करतात. त्याच जुन्या कालगणनेनुसार आयझॅक न्यूटन यांचा जन्म २५ डिसेंबर १६४२चा आणि आजच्या कालगणनेनुसार ४ जानेवारी १६४३चा आहे. सणाला एवढा अवकाश मिळत आला असेल, तर त्याच दिवशी एका मुलाला सकाळचे काही तास मिळायला हरकत नसावी.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वर्गात ज्याचा वाढदिवस असेल त्याच्यासाठी गाणे म्हणण्याची पद्धत असेल, तर सुट्टीत जन्मलेल्या मुलांची नावे वर्षाच्या सुरुवातीलाच वेगळी लिहून ठेवावीत आणि शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या दिवशी त्यांच्यासाठी ते गाणे म्हणावे. मोठ्या सुट्टीत जन्मलेल्या सगळ्याच मुलांना याचा लाभ होईल. आपणही नाताळच्या अंकात या मुलांसाठी शुभेच्छांच्या दोन ओळी छापल्यात, तर त्या वाचून दाखवताना मला फार आनंद होईल.

यंदाचा क्रम मुलीने स्वतःच ठरवला आहे. सकाळी आधी तिची मेणबत्ती पेटेल आणि ती विझल्यानंतरच झाडावरचे दिवे लागतील. दिव्यांचे बटण दादाने दाबायचे की तिने, यावर मात्र घरात अजून चर्चा चालू आहे.

आपली विश्वासू,
एक आई