सगळंच कसं ओ हेमाडपंती?

मा. संपादक, नमस्कार.

काल पुरवणीत आलेला हत्तरसंग-कुडलच्या जुन्या देवळांवरचा लेख वाचला. फोटो चांगले आहेत, भीमा-सीनेच्या संगमाचा तर फारच झकास. पण मथळ्यातच 'हेमाडपंती' दिसलं आणि पुढचा चहा गार झाला माझा. आत आणखी पाच वेळा तोच शब्द, पेनाने गोल करून मोजले.

अहो तुमच्याच लेखात खाली छापलंय की संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके 940 चा, म्हणजे 1018 चा शिलालेख आहे. हेमाडपंत प्रधान होते देवगिरीच्या महादेव यादवाचे आणि नंतर रामचंद्राचे, आणि महादेव गादीवर आला 1260 च्या आसपास. म्हणजे पंतांनी जन्माच्या दोनशे वर्षं आधी येऊन आमच्या दक्षिण सोलापुरात देऊळ उभं केलं असं तुमचं म्हणणं दिसतंय. धन्य आहे! त्या काळी इथं कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य होतं, त्यांचं नाव अख्ख्या लेखात एकदाच, तेही चुकीच्या शतकात.

आता बोलताना लोकं बिनचुन्याच्या कुठल्याही काळ्या दगडाच्या देवळाला हेमाडपंती म्हणतात, आमच्या घरी पण म्हणायचे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दगडाला खाच पाडायची, दुसऱ्याचं कुसू त्यात बसवायचं आणि सगळा डोलारा वजनावर तोलून धरायचा, ही विद्या पंतांच्या कितीतरी आधीची आहे. कुडल हाच त्याचा पुरावा.

मला राग यायचं खरं कारण वेगळं आहे. मागच्या दिवाळीत नातवाला घेऊन गेलो होतो, विजापूर रोडने. पोरगं चौथीत. हरिहरेश्वर मंदिरातलं ते बहुमुखी शिवलिंग बघून येडं झालं, 359 मुखं कोरलीत म्हटल्यावर मोजायला बसलं, एक्केचाळीसपर्यंत गेलं आणि चुकलं, परत पहिल्यापासून, तीन वेळा. हे अख्खं मंदिर मातीच्या ढिगाऱ्याखाली होतं हे मी त्याला सांगत होतो तेवढ्यात शेजारी एक गृहस्थ आपल्या पाव्हण्यांना ठासून सांगू लागले की हे सगळं हेमाडपंतांनी एका रात्रीत बांधलं. मी म्हटलं, अहो तसं नाही, तुळईवर साल कोरलंय. तर त्यांनी खिशातून घडी घातलेलं कात्रण काढलं आणि पाव्हण्यांसमोर माझ्या हातात दिलं. "बगा की, पेपरात आलंय." कात्रण तुमच्याच पेपरचं! मी गप्प बसलो. नातू म्हणाला, आजोबा, हेमाडपंत किती वर्षं जगले?

पोराला काय उत्तर द्यायचं ते आता तुम्हीच सांगा.

त्या तुळईवर 'वाछि तो विजेया होईवा' असं कोरलंय, वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वीची मराठी, पाटी न लावता कळते. आनंद कुंभारांनी आयुष्य घालवलं असले शिलालेख शोधण्यात, आणि त्याच दगडाला लोकं हळदीकुंकू फासून जातात. त्याबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही, पण पार्किंग कुठं आणि हुरडा कुठं मिळतो याची चौकट मात्र रंगीत.

आणखी एक. सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेली 68 लिंगं आहेत, ती बाराव्या शतकातली, म्हणजे तीही पंतांच्या आधीची. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेची पुरवणी लवकरच निघेल, तेव्हा त्यांनाही हेमाडपंती करू नका म्हणजे झालं.

आणि जाता जाता, मागच्या महिन्यात माझं पाण्याचं पत्र तुम्ही चार ओळींचं करून छापलंत, त्यात अर्थच उरला नाही, शेजारी विचारत होते तुम्हाला नेमकं पाणी पाहिजे का नको. हेही कापायचं असेल तर हुरड्याचं वाक्य कापा. 1018 तेवढं ठेवा.

आपला जुना वाचक,
जुळे सोलापूर